कलाकार खाली, पब्लिक वर

मागच्या उन्हाळ्यात शहरातल्या कुठल्याशा संस्थेची एक पोरगी आमच्या पांगरघाटला आली होती. खांद्याला पिशवी, हातात मोबाईल आणि प्रश्न एकच: एवढ्याशा गावात कला एवढी फुलली कशी? पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. कयाधू नदीच्या काठावरचं आमचं गाव, एसटी येते तेव्हा येते, पण गावात भजनी मंडळ आहे, भीमगीतांची गायन पार्टी आहे, नाटक मंडळ आहे. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत तीन रात्री कार्यक्रम होतो तेव्हा कळमनुरी, आखाडा बाळापूर, थेट हिंगोलीहून माणसं मोटरसायकली घेऊन येतात. सरपंचांनी तिला सांगितलं, कयाधूच्या पाण्यातच गुण आहे. कयाधूला पाणी किती महिने असतं आणि कसं असतं, हे सरपंचांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हेडमास्तर म्हणाले, सांस्कृतिक वारसा. भजनी मंडळाचे बापूराव म्हणाले, सगळी पांडुरंगाची कृपा. पोरगी सगळं रेकॉर्ड करून घेऊन गेली. मला कुणी विचारलं नाही, कारण मी तेव्हा खांबाला दोरी आवळत होतो.

आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी मंडपवाल्याचे अनुभव लिहा म्हटलं, तर मी तिच्याच प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलंय. संपादकांना काहीतरी हृदयस्पर्शी पाहिजे होतं. जमलं तर बघू.

मी नागोराव, मंडपवाला. धंदा आता पोरगा बघतो. त्याच्याकडे एलईडीची भिंत आहे, फुलांची कमान आहे, आणि वाढदिवसाला लेकराचा फोटो काढायला एक प्लास्टिकचा मोर आहे. त्या मोरापुढं लोक रांग लावतात. मी काही बोलत नाही, बोललो तर सून म्हणते मामांजी, त्या मोरावरच घर चालून राहिलं. बराबर आहे तिचं. पण वर्षातून एकदा नदीतला मंडप टाकायचा असला की पोरगा मला उठवायला येतो. तिथं मोर चालत नाही.

लोकांना वाटतं मंडप म्हणजे चार बांबू आणि वर कापड. घरापुढचा लग्नाचा मंडप कुणीही टाकील. नदीत टाकून दाखवा म्हणावं. वाळूत खुंटी ठोकली की सरसर आत जाते, आपल्याला वाटतं झालं काम, आणि सांजच्याला वारं सुटलं की तशीच सरसर बाहेर येते. मग मंडप उडतो आणि पब्लिक मंडपवाल्याच्या आईबापाची आठवण काढतं. म्हणून आम्ही खुंटीऐवजी पोतं गाडतो. खताचं रिकामं पोतं वाळूनं भरायचं, तोंड शिवायचं, मधोमध दोर बांधायचा आणि कमरेएवढ्या खड्ड्यात आडवं पुरायचं. वरून वाळू लोटायची, पाणी मारायचं, पायांनी दाबायची. मग त्या दोराला खांब ताणायचा. स्टेज म्हणजे खाली लोखंडी पिंपं आणि वर सागवानी फळ्या. ह्या फळ्या माझ्या बापानं घेतलेल्या. त्यांच्यावर गावातली सगळी चांगली वाईट कला नाचून गेलेली आहे.

हळद शिजवून, वाळवून हिंगोलीच्या मोंढ्यात पोचली की आमच्याकडची माणसं जरा मोकळी होतात. तेव्हा कयाधूही आटलेली असते. पहिली रात भजनी मंडळाची, दुसरी गायन पार्टीची, तिसरी नाटकाची. हा क्रम कुणी लावला ते कुणाला माहीत नाही, पण बदलायचं नाव काढलं तर मारामारी होईल.

इथपर्यंत असं काही विशेष नाही, असं इतर गावांतही असेल. विशेष आहे ते सकाळी. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत आमच्याकडे धुलाई असते. रात्री जो स्टेजवर होता त्यानं सकाळी खाली वाळूत येऊन बसायचं, रात्री पब्लिक बसलं होतं तिथं. आणि पब्लिकनं वर, स्टेजच्या फळीवर पाय सोडून बसायचं. मग ज्याला जे खटकलं ते त्यानं तोंडावर सांगायचं. कलाकारानं उत्तर द्यायचं नाही. माइक खराब होता म्हणायचं नाही, घसा बसला होता म्हणायचं नाही. मान खाली घालून ऐकायचं, आणि काय उत्तर द्यायचं ते पुढच्या उन्हाळ्यात स्टेजवरून द्यायचं. वरून चहाही कलाकारानंच पाजायचा.

ही पद्धत कुण्या थोर माणसानं पाडली असं हेडमास्तर सांगतात. माझा अंदाज वेगळा आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुमडत नव्हते, वाळूत बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून ते फळीवर चढून बसले असतील. वर बसलं की माणसाला आपोआप दुसऱ्याच्या चुका दिसायला लागतात.

एक नमुना सांगतो. आमच्या नाटक मंडळात किराणा दुकानवाला विठ्ठल राजा व्हायचा. एका साली त्याचा मरायचा प्रसंग होता. विठ्ठलला मरायची भारी हौस, तो मरता मरेना. सकाळी एक गडी फळीवर बसून शांतपणे म्हणाला की मी मधीच घरी गेलो, बैलांना वैरण टाकली, बायकोशी दोन शब्द भांडलो, परत आलो तर राजेसाहेब अजून मरूनच राहिले होते. पुढच्या साली तो असा झटक्यात मेला की ज्याला धावत येऊन रडायचं होतं तो नट अजून पान लावत होता. त्या घाईचीही धुलाई झाली. तिसऱ्या साली मात्र विठ्ठल असा मेला की त्याची खरी बायको खाली पब्लिकमध्ये रडायला लागली. हे त्याला कुण्या शिबिरात शिकवलं नव्हतं. गावानं त्याला दोन वर्षं झापलं होतं, एवढंच.

आमच्याकडे वाईट शब्द एकच. 'छान.' छान कुणाला म्हणायचं ते ठरलेलं आहे: शाळेच्या गॅदरिंगमधल्या लेकराला, पुढाऱ्याच्या पुतण्याला, आणि ज्याचं आता काहीच होण्यासारखं नाही अशा माणसाला. पुतण्यावरून आठवलं. एका पुढाऱ्याचा पुतण्या नाटकाच्या मध्यंतरात कराओके लावून गायला होता. मशीनमधून मागचं म्युझिक वाजतं आणि आपण पुढं गळा काढायचा, त्याला म्हणतात. सकाळी सगळे एकमुखानं म्हणाले, छान झालं. तो इतका खूश झाला की तेव्हापासून मला एक पूर्ण रात द्या म्हणून माझ्या मागं लागलाय, कारण कुणाची रात कुठली ते माझ्या वहीत असतं. त्याला अजून कळलेलं नाही आणि सांगायची कुणाची इच्छाही नाही.

धुलाईतले खरे पैलवान दोन: बापूराव आणि मारोतराव.

बापूराव काठावरचे मोठे शेतकरी, हळद, ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि बोलणं असं की समोरच्याच्या अंगाची साल निघावी. भजनी मंडळ त्यांचं. मारोतराव भीमनगरातले, धंद्यानं गवंडी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. गायन पार्टी त्यांनी तरुणपणी काढली. भावानं, गौतमनं, पेटी धरली आणि ते स्वतः उभे राहून गायचे. आवाज म्हणजे काय सांगू, वीज गेली तरी त्यांनी कधी थांबून बघितलं नाही.

एरवी गावात बापूराव त्यांना मारोती म्हणायचे, आणि बापूरावांच्या ओसरीवर मारोतराव भिंत बांधायला चढले असतील, बसायला नाही. कलेनं आमच्याकडे सगळे समान झाले वगैरे मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण पहिल्या रातीनंतरच्या सकाळी बापूराव खाली वाळूत आणि मारोतराव वर फळीवर पाय सोडून, हे मी माझ्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलंय. मारोतराव सावकाश सांगायचे की अभंग चांगला निवडला होता, देवाला जायची घाई झाली असंल, पण तुमी काही उठायचं नाव घेत नव्हता. बापूराव मान खाली घालून ऐकायचे. दुसऱ्या सकाळी जागा बदलायच्या. बापूराव वरून म्हणायचे, मारोतराव, तुमचा आवाज एवढा मोठा निघून राहिला की पलीकडच्या काठाची म्हैस दावं तोडून गेली, तिचा मालक सकाळपासून मला पुसून राहिला. त्या एका जागी ते 'मारोतराव' म्हणायचे. फळीवरून खाली उतरलं की पुन्हा मारोती.

मग मारोतरावांना घशाचा रोग झाला. नांदेडला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कान तोंडाजवळ नेला तर कुजबूज ऐकू यायची, तेवढीच. आता पार्टी कोण चालवणार? मुलगा एसटीत कंडक्टर, त्याला घंटीसुद्धा सुरात मारता येत नाही, हे तोच सांगतो. उरली सून. सुलोचना. अंगणवाडीत सेविका, दोन लेकरांची आई, बोलायला गोड पण एकदा ठरवलं की ठरवलं. घरात स्वयंपाक करताना गायची ते भीमनगरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिनं सांगितलं, मी उभी राहते.

पहिल्या साली ती उभी राहिली तेव्हा मी स्टेजच्या मागं होतो. गौतम पेटीवर, मागच्या खुर्चीत मारोतराव बसलेले. गाणं सुरू झालं आणि मला कसंतरीच वाटलं. सुरुवातीची ओळ विहिरीत पडल्यासारखी खोल गेली, शब्द ऐकूच येईनात. कडव्याला ती वर गेली तर अशी वर गेली की पुढच्या लेकरांनी कानाला हात लावले. मधलं असं काही नाहीच. तिच्या कपाळावर घाम, मानेच्या शिरा ताठ. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या फुकट असतात.

सकाळी धुलाईला ती आली नाही. बाईमाणसं तिथं येत नसत. तिच्या जागी गौतम वाळूत बसला. मग बापूराव म्हणाले, छान झालं. बाकीच्यांनी माना हलवल्या. चहा झाला, सगळे घरी गेले. दुसऱ्या साली पुन्हा तेच गाणं, तोच घाम, आणि सकाळी तेच: छान.

मी बापूरावांना एकट्यात विचारलं की तुमच्या जिभेला काय झालं. ते चिडले. म्हणाले, एक तर ती बाई. दुसरं, तिचा सासरा मरणाच्या दारातून आलेला. आणि तिसरं तुला सांगायला पाहिजे का? आजकाल मी भीमनगरातल्या सुनेला एक वाकडा शब्द बोललो तर दुपारपर्यंत तो मोबाईलवर हिंगोलीला पोचंल, आणि गाण्याचं राहील बाजूला. खरं सांगतो, ह्यातलं तिसरं काही अगदीच खोटं नव्हतं. पण ते बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात मारोतरावांनी मला घरी बोलावलं. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते म्हणाले, पुढच्या साली आमी एकदा गातो. त्या सकाळीबी छानच म्हणले, तर आमची रात त्या पुतण्याला देऊन टाक. पार्टी बंद.

मी म्हटलं, असं काहून करता, लोक चांगलंच म्हणून राहिले ना.

"शिव्या बंद झाल्या नागोराव," ते म्हणाले, "म्हंजे ऐकणं बंद झालं."

सुलोचना चुलीपाशी पाठमोरी होती. तिचा हात थांबला, पण ती वळली नाही. आमच्या गावची दुसरी रात कराओकेला जाणार ह्या विचारानं मला घरी जाऊन भाकरी गोड लागली नाही. आमच्या गावाला ह्याच्याहून मोठी तकलीफ झालेली मला तरी आठवत नाही.

तिसरं साल उजाडलं. मी पोती गाडली, फळ्या टाकल्या. सुलोचना गायली. काही बदललं नव्हतं. उलट आता तिच्या चेहऱ्यावर भीती पण होती, आणि ती भीती माइकमधून ऐकू येत होती.

सकाळी आम्ही सगळे फळीवर चढून बसलो. मारोतराव बाजूला एका पिंपावर बसले होते. गौतम वाळूत बसायला निघाला, आणि मागून सुलोचना आली. डोक्यावर पदर, पायात चप्पल, अंगणवाडीला जायच्या तयारीत. तिनं गौतमला, म्हणजे नात्यानं चुलतसासऱ्यालाच, हातानं बाजूला हो म्हटलं आणि आपण वाळूत मांडी घालून बसली. आजवर तिथं बाई बसली नव्हती. फळीवरची माणसं अशी आखडून बसली की विचारू नका, एकानं तर पाय वर ओढून घेतले.

बापूराव खाकरले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाले, "छान झालं, बाई."

मारोतरावांनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं. रात देऊन टाक.

आणि सुलोचना बोलली. कलाकारानं बोलायचं नाही हा आमचा नियम, तो तिनं मोडला.

"काका, माफी असू द्या," ती म्हणाली. "घरी चुलीपाशी गाते तवा माझा गळा मोकळा ऱ्हातो. हितं उभी ऱ्हायले की आवळतो. काहून, ते मला कळंना. तुमाला कळून राहिलं का न्हाई, तेवढं सांगा. तुमालाबी कळत नसंल, तर मंग छानच म्हणा."

बापूरावांना आयुष्यात लोकांनी नाही नाही ते म्हटलंय. तापट म्हटलं, कंजूष म्हटलं, बांध कोरतो म्हटलं. पण तुम्हाला गाण्यातलं कळत नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. ती बाई आहे, भीमनगरातली आहे, मोबाईल आहेत, सगळं ते विसरले.

"मला कळत न्हाई?" ते म्हणाले. "पहिल्या साली पहिल्या ओळीला कळलं मला. पट्टी चुकली तुझी. ही मारोतरावाची पट्टी हाय, गड्याची. तू त्यात खाली गेलीस की बुडतीस अन् वर गेलीस की किंचाळतीस. तुझी पट्टी वेगळी. अन् हे मला एकट्यालाच कळलं का? पुस ह्या गौतमला."

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टी म्हणजे गाणं कुठल्या उंचीवरून सुरू करायचं ती जागा. माझ्या धंद्यात सांगायचं तर कापड तेच, पण खांब किती उंच लावायचा ते खाली कोण उभं राहणार त्यावर. गड्याची उंची वेगळी, बाईची वेगळी. पेटीवाला ज्या पट्टीवर सूर धरील ती गाणाऱ्याला घ्यावी लागते. घरी चुलीपाशी पेटी नव्हती, म्हणून सुलोचना तिथं आपोआप आपल्या पट्टीत गायची. स्टेजवर तिला सासऱ्याच्या पट्टीत उभं केलं जात होतं.

गौतमनं मान वर केली नाही. म्हणाला, दादाची पट्टी मी कशी बदलू? जन्म गेला त्या पट्टीवर. ढोलकीवाला म्हणाला, मला वाटलं गौतमकाकाला ठाऊक असंल. एकेक करून फळीवरचे सगळे कबूल व्हायला लागले. सगळ्यांना कळलं होतं. एका माणसाचा मान राखायला सगळ्या गावानं मिळून एका बाईचा गळा दाबून धरला होता, आणि वर तिला छान म्हणत होतं. असली चूक करायला आमचंच गाव पाहिजे.

मग सगळ्यांची नजर पिंपाकडे गेली. कारण आमच्या सगळ्यांचे कान एकत्र केले तरी मारोतरावांच्या कानाची बरोबरी झाली नसती. त्यांना हे पहिल्या दिवशीच कळलेलं असणार. मला खोटं बोलता येत नाही, त्या वेळी मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. माझ्यापाशी शिव्या बंद झाल्या म्हणून रडला, आणि स्वतः तीन वर्षं तिच्या मागं खुर्ची टाकून गप बसला.

मारोतरावांचे ओठ हलले. ऐकू काही येईना. बापूराव फळीवरून उतरले, गुडघ्यावर हात ठेवत त्यांच्यापाशी गेले आणि कान लावला. मग आमच्याकडे वळून सांगितलं.

"म्हणतो, आवाज गेला. पट्टी तेवढी उरली व्हती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. सुलोचनानं पदर तोंडाला लावला.

पुढं काय करावं हे आम्हा फळीवरच्या शहाण्यांना कळत नव्हतं. मारोतरावांनीच गौतमला खूण केली. गौतमनं पेटी आणली. म्हातारा पिंपावरून उतरून वाळूत सुनेच्या समोर बसला. त्यानं पेटी आपल्यापुढं ओढली, एका हातानं भाता धरला आणि आपली जन्माची पट्टी सोडून एक एक सूर वर चढत गेला. प्रत्येक सुराला सुनेकडे बघायचा, म्हण. ती म्हणायची. तो मान हलवायचा, न्हाई. पुढचा सूर. पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चारवर आला आणि तिचा आवाज सुटला. रिकाम्या नदीत, माइक नाही, ढोलकी नाही, सकाळच्या वेळी तिनं एक ओळ म्हटली आणि ती पलीकडच्या काठाला जाऊन लागली. मारोतरावांनी भाता सोडला नाही. डोळ्यातलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच वाहत राहिलं.

बापूराव पुन्हा फळीवर चढून बसले. म्हणाले, हां, आता धुता येईल.

त्या साली धुलाई झाली नाही, कारण ऊन वर आलं आणि सुलोचनाला अंगणवाडीला जायचं होतं. पण रात मी पुतण्याला दिली नाही. त्याला सांगितलं, तुझा कार्यक्रम मोठा आहे, त्याला नदी पुरणार नाही. तो समजूतदारपणे गेला.

पुढच्या उन्हाळ्यात ती आपल्या पट्टीत गायली. मारोतराव त्या वेळी स्टेजवर बसले नाहीत. खाली वाळूत पब्लिकमध्ये बसले. बापूरावांच्या शेजारी. मी मंडपाच्या मागच्या खांबापाशी उभा होतो आणि कापड वाऱ्यानं फडफडत होतं, पण माझं दोराकडे लक्ष नव्हतं, हे धंद्याच्या दृष्टीनं चूक आहे.

सकाळी ती वाळूत येऊन बसली. आणि मग काय झापली तिला! तीन वर्षांची बाकी निघाली. एक म्हणाला शब्द गिळती. दुसरा म्हणाला, गाताना डोळे मिटते, झोपली का काय वाटतं. तिसरा म्हणाला, दोन गाण्यांच्या मधे आभार मानती ते एवढे की गाणं कोणतं होतं ते विसरायला होतं. विठ्ठल राजा म्हणाला, हात हलवू नको, बस थांबवून राहिल्यासारखं दिसतं. बापूराव तर दम घ्यायलाही थांबले नाहीत. सुलोचना मान खाली घालून ऐकत होती, पण तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. शाळेत पहिला नंबर आल्यावर लेकराचा होतो तसा झाला होता.

सगळ्यांचं झालं, चहा आला. तेव्हा मारोतरावांनी हात वर केला. घरच्या माणसानं धुलाईत बोलायचं नाही अशीही एक रीत आहे, पण आता रीती मोडायची सवय झाली होती. बापूराव खाली उतरले आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला. आता मारोतरावांचं बोलणं मोठ्यानं सांगायचं काम त्यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणतो, तिसऱ्या कडव्याला घाई करती," बापूरावांनी सांगितलं. आणि सांगता सांगता त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. म्हणाले, अरे, जन्मभर मी ह्या माणसाला हेच सांगत आलो! दोन कडवी मस्त गायचा अन् तिसऱ्याला पळत सुटायचा, मागं कुत्रं लागल्यासारखा. कधी सुधारला न्हाई.

मारोतरावांनी त्यांचा सदरा धरून पुन्हा खाली ओढलं. बापूरावांनी पुन्हा कान लावला. ह्या वेळी त्यांना हसू आलं नाही. ते सरळ झाले, सुलोचनाकडे बघितलं आणि घसा साफ करून सांगितलं.

"म्हणतो, पट्टी तुझी हाय पोरी. पण ती चूक माझी हाय."

मारोतराव त्याच हिवाळ्यात गेले. सुलोचनाची पार्टी आता वसमत, औंढ्यापर्यंत जाते. शब्द गिळायचं तिनं सोडलं, डोळे उघडे ठेवते, आभार एका वाक्यात उरकते. गावानं सांगितलेलं सगळं तिनं सुधारलं. फक्त तिसरं कडवं आलं की ती पळत सुटते. ह्या उन्हाळ्यातही सुटली. सकाळी ती वाळूत बसली आणि बापूरावांनी फळीवरून तिला त्याच्यावरून झाप झाप झापलं, डोळे पुसत. ती ऐकत राहिली. आणि पुढच्या साली तिनं ती चूक खरंच सुधारली तर काय करायचं, ह्याची आम्हा वर बसलेल्या सगळ्यांनाच भीती वाटते.